उजव्या मनगटावरची पावलं

माणसानं दोन्ही मनगटांवर बँड बांधले की लोक त्याला आजारी समजतात. मला दोघांनी रक्तदाब विचारला, आणि एका टॅक्सीवाल्यानं सिग्नलला काच खाली करून "साब, एक बेचना है क्या?" असं विचारलं. डाव्या हातावरचा बँड माझा. उजव्या हातावरचा उल्काचा, म्हणजे माझ्या बायकोचा. त्याचा पट्टा जांभळा आहे आणि माझ्या मनगटाला शेवटच्या भोकात कसाबसा बसतो.

उल्का जूनमध्ये वारली. हे इथं लिहायला मला जड गेलं नाही. तोंडानं मात्र मी ते वाक्य तेव्हापासून एकदाही म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नाही. मुलीनं, मधुरानं, पुण्याहून सगळ्यांना फोन केले. कंपनीत एचआरनं ईमेल काढला. दूतावासाचे कागद आमच्या वरच्या मजल्यावरच्या अभिजितनं केले, मी फक्त सह्या केल्या. माणूस गेल्यावर लोक इतकी कामं वाटून घेतात की नवऱ्याला बसून राहण्यापलीकडं काही उरत नाही. मी नोव्हेंबरपर्यंत बसून राहिलो.

नोव्हेंबरात ऊन उतरतं आणि दोहातली मराठी माणसं चालायला लागतात. आमचा एक ग्रुप आहे, त्याचं नाव 'चालते व्हा'. एकशे चाळीस माणसं आहेत आणि त्यातली सत्तरेक खरंच चालतात. दर हिवाळ्यात ग्रुपची 'जोडीनं चाला' अशी स्पर्धा असते. नवरा-बायको, बहिणी-बहिणी, कुणीही दोघं चालतात. दोघांची पावलं एकत्र धरायची. बँडवरून फोनमध्ये, फोनवरून यादीत, सगळं आपोआप. या यादीचे मालक श्यामराव. ते एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदांच्या आवृत्त्या सांभाळणारे आहेत. त्यांच्याकडून घरच्या सत्यनारायणाचं आमंत्रण आलं तरी खाली 'रिव्हिजन १' असं असतं.

त्यांचा फोन आला.

"प्रतापराव, यादी मागच्या वर्षावरून कॉपी झालीय. तुमची जोडी तशीच आलीय."

"बरं."

"काढायची असेल तर मला कळवावं लागेल. कारणासकट."

"राहू दे."

"राहू दे, पण नियम सहा बघितलात ना? जोडीतल्या कुणाचीही सात दिवस सलग शून्य पावलं आली तर नाव निघतं. मी नाही काढत. सिस्टीम काढते."

"शून्य येणार नाहीत," मी म्हणालो.

पलीकडं पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग श्यामराव म्हणाले, "ठीक. माझ्याकडं नोंद झाली."

अशा रीतीनं मी दोघांसाठी चालायला लागलो. यात फसवाफसवी होती का? होती. पण मी ती नियमात राहून करायची असं ठरवलं. मी तीस वर्षं पाइपलाइनचे वेल्ड, म्हणजे सांधे, तपासतोय. दोन मीटर वेगवेगळं रीडिंग दाखवायला लागले की मला अन्न गोड लागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी घरापुढच्या गल्लीत तोंडानं मोजत एक हजार पावलं चाललो. डावा बँड म्हणाला नऊशे शहाण्णव, उजवा म्हणाला एक हजार अकरा. एवढा फरक चालतो. पण दिवस संपला तेव्हा उल्का माझ्यापेक्षा एकोणीसशे पावलं पुढं होती.

दोन दिवस मी याचा छडा लावला. भानगड स्वयंपाकघरात होती. उजव्या हातानं कांदा चिरला की एकशे दहा. पोहे परतले की साठ. कणीक मळली त्या दिवशी चारशे बारा, आणि ती कणीक इतकी सैल झाली होती की तिची धिरडी करावी लागली. म्हणजे ओट्यापाशी एका जागी उभं राहूनही माणूस मैलभर जातो. उल्का तेहतीस वर्षं कणीक मळत होती. मी गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला.

दोन बँडांची गोष्ट आमच्या व्हिलात लपणार नव्हतीच. एका व्हिलाचे चार तुकडे करून चार कुटुंबं राहतात. एक जण शिंकला की तिघं वाफ घ्यायला सांगतात. अभिजित जिन्यात भेटला.

"काका, उगाच दमताय. वॉशिंग मशीनवर ठेवा. स्पिनला सहा हजार सहज पडतात."

"ते खोटं होईल."

"आणि आत्ताचं?"

मी त्याला समजावलं की दुसऱ्याच वेल्डचा एक्स-रे काढून तो या वेल्डचा म्हणून दाखवणं हा गुन्हा आहे, पण एकाच माणसानं दोन वेल्ड तपासणं हा गुन्हा नाही. तो "इन्शाल्ला" म्हणून वर गेला. इथं हा शब्द वाद संपवायला वापरतात.

अभिजितची आई, पुष्पावतीबाई, साताऱ्याकडच्या. त्यांना दुसरीच काळजी.

"प्रतापभाऊ, गेलेल्या माणसाला असं चालवत ठेवू नये हो. दमतंय ते."

"चालतोय मीच, वहिनी."

"मग तुम्ही दमताय. दोन्हीकडून वाईटच की."

मी बूट घातले.

आमच्या गराफा भागात चालायला रस्ते चांगले आहेत, बघायला मात्र भिंती. व्हिलाची भिंत, शाळेची भिंत, परत व्हिलाची भिंत. भिंतीवर मांजर, भिंतीखाली गाडी पुसणारा ड्रायव्हर. मी आठवडाभरात त्या सगळ्या मांजरांना ओळखायला लागलो आणि त्यांनी मला ओळख द्यायचं बंद केलं. मग शुक्रवारी गाडी काढली, वीस मिनिटं उत्तरेला गेलो, हायवे सोडून एका कच्च्या रस्त्याला लागलो आणि जिथं रस्ता संपल्यासारखा वाटला तिथं गाडी लावून चालायला लागलो.

कतारमध्ये बघण्यासारखं काही नाही असं म्हणणारे लोक ते गाडीतून बघतात. ताशी एकशे वीसनं सगळंच सपाट. पायी गेलं की जमीन हळूहळू आपलं बोलायला लागते. आधी नुसते खडे. मग पांढरट माती, तिच्यावर पालींच्या शेपट्यांच्या रेघा. मग नकळत उतार येतो, इतका हलका की तो डोळ्यांना नाही, पोटऱ्यांना कळतो, आणि त्या उताराच्या तळाशी अचानक हिरवं. पावसाचं पाणी साठून तयार झालेल्या अशा खोलगट जागेला इथं रौदा म्हणतात. आत गवत, बाभळी, आणि त्यांची सिद्राची झाडं. सिद्र म्हणजे आपली बोर. मी एक बोर उचलून तोंडात टाकलं. तुरट होतं. नाशिकला शाळेमागं असायचं तसंच. मी त्या झाडाखाली बसलो तो किती वेळ बसलो कोण जाणे; बँड बसलेलं मोजत नाही.

त्यानंतर मी दर शुक्रवारी आणि शनिवारी जायला लागलो. सुट्टी नसेल तेव्हा पहाटे गल्ल्यांतून. पुढं पुढं थोडं धावायलाही लागलो. धावायला म्हणजे, मला ते धावणं वाटायचं. बघणाऱ्यांना माझी बस चुकतेय असं वाटत असावं.

आणि बघणारे फार. वाळवंटात पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस, असं इथं सगळे धरून चालतात. पहिल्याच सकाळी पाच गाड्या थांबल्या. चौघांना मी हात हलवून पाठवलं. पाचवा एक म्हातारा कतारी होता, मोठ्या पांढऱ्या गाडीत एकटाच.

"सय्यारा वेन?" त्यानं विचारलं. गाडी कुठाय?

मी माझे पाय दाखवले. त्यानं ते नीट पाहिले. मग मागच्या सीटवरून संत्र्यांची पिशवी काढून माझ्या हातात दिली. मी "शुक्रन" म्हणून चालायला लागलो, तर तो माझ्या मागोमाग, चारही इंडिकेटर लावून, पायी माणसाच्या वेगानं. त्याची खात्रीच होईना. अर्धा किलोमीटर आमची ती वरात चालली होती: पुढं मी, दोन मनगटांवर दोन बँड आणि हातात संत्री, मागं पांढरी गाडी, दिवे उघडझाप करतायत, आणि चारी बाजूंना क्षितिजापर्यंत कुणी नाही. शेवटी मी एका झाडाखाली बसून संत्रं सोलायला घेतलं तेव्हा तो समाधानानं निघून गेला. दमलेला माणूस त्याला समजत होता.

डिसेंबरात रहमान भेटला. तो बांगलादेशातल्या सिल्हटचा, एका उंटांच्या गोठ्यावर एकटा राहतो. पंचवीस उंट, एक पत्र्याची खोली, एक रेडिओ. सकाळचं धुकं होतं. तिथलं हिवाळ्यातलं धुकं असं की पायाखालचे दहा फूट आपले, बाकी जग कुणाचं ते माहीत नाही. त्या पांढऱ्यातून आधी एक लांब मान आली, मग दुसरी, कसलाही आवाज नाही, जणू मला झोपेतच कुणीतरी उंट दाखवतंय. आणि त्यांच्यामागून रहमान, हातात बादली.

"साब, गाडी किधर बंद हुआ?"

चहा झाल्यावर त्याची नजर जांभळ्या पट्ट्यावर गेली. "ये मॅडम का है?"

"हां."

"मॅडम साथ में नहीं आता?"

"नहीं."

त्यानं विचार केला. "घुटना," असं स्वतःच ठरवून टाकलं आणि उंटिणीच्या दुधाची बाटली माझ्या हातात दिली. रोज एक पेला, एक महिना, मॅडम धावेल. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं तर ते वाक्य म्हणावं लागलं असतं. पुढं दर शुक्रवारी बाटली तयार असायची आणि तो "मॅडम कैसा है?" विचारायचा आणि मी "ठीक है" म्हणायचो. दूध टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. मी प्यालो. पहिल्या बाटलीनंतर चोवीस तासांत दोघांचीही पावलं विलक्षण वाढली, सगळी घरातल्या घरात, एकाच दिशेनं आणि परत.

याचा परिणाम यादीवर झाला. नाताळच्या आठवड्यात आमची जोडी नवव्या नंबरवर होती, नव्या वर्षात तिसऱ्या, आणि जानेवारीच्या मध्याला पहिल्या. सगळ्यांची वेगवेगळी पावलंही यादीत दिसतात. त्यात उल्का पहिली आणि मी सहावा. चालणार मी, दमणार मी, उंटाचं दूध पिणार मी, आणि ग्रुपवर लोक लिहिणार, 'प्रतापराव, वहिनींकडून शिका काहीतरी.' हे लिहिणारे सगळे नवे. ज्यांना माहीत होतं ते गप्प होते. त्या गप्प राहण्याचा मला आवाज येत असे.

नव्यांत सगळ्यात चिकट वल्लरी. पुण्याची, कुठल्याशा बँकेत दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली, ओल्ड एअरपोर्ट भागात राहणारी. ती आणि तिचा नवरा मिहीर ही जोडी दुसऱ्या नंबरवर. तिचा उल्काच्या फोनवर रोज मेसेज यायचा. 'उल्काताई, पहाटे साडेपाचलाच तीन हजार? मी हरले.' 'उल्काताई, आज तुम्हाला गाठणारच.' 'उल्काताई, रागावू नका, पण तुम्ही झोपता की नाही?' मी त्या फोनवरून कधीच काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त रोज चार्ज करायचो. पण एका सकाळी चार्जरची वायर काढताना बोट लागलं आणि एकशे चाळीस माणसांच्या ग्रुपवर, वल्लरीनं टाकलेल्या कुठल्यातरी कवितेखाली, उल्काचा अंगठा उमटला.

पाच मिनिटांत जिन्यात चपला वाजल्या.

"प्रतापभाऊ, तो अंगठा कुणी दिला?" पुष्पावतीबाईंच्या हातात झारा तसाच होता.

"चुकून लागला, वहिनी."

"माझी पुरी जळाली." त्या खुर्चीवर बसल्या. झारा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "जरा बरं पण वाटलं बघा. खोटं कशाला बोलू."

मग आम्ही दोघं वर जाऊन न जळलेल्या पुऱ्या खात बसलो.

आता सिमकार्ड. ते उल्काच्या नावावर, तिच्या ओळखपत्रावर. ओळखपत्राची मुदत संपल्यामुळं नंबर बंद होईल, समक्ष येऊन अपडेट करा, असा मेसेज आला. नंबर बंद म्हणजे ॲप बंद, कारण ते महिन्यातून एकदा नंबरवर कोड पाठवतं. ॲप बंद म्हणजे शून्य. सात शून्यं म्हणजे नियम सहा.

मी फाइल घेऊन फोन कंपनीच्या काउंटरवर गेलो. टोकन एकशे सत्याहत्तर. काउंटरवर मरियम नावाची मुलगी होती, फार गोड बोलणारी. गोड बोलणाऱ्यांपुढं माझा नेहमी घोटाळा होतो.

"नंबर मॅडमच्या नावावर आहे. त्यांना यावं लागेल."

"त्या येऊ शकत नाहीत."

"हरकत नाही. कतारच्या बाहेर आहेत का?"

"हो." हे खोटं नव्हतं.

"मग सोपंय. त्यांना ॲपवर चेहरा दाखवायला सांगा. दोनदा डोळे मिटायचे, दोनदा उघडायचे."

मी फाइलचा कोपरा नीट केला. "ते नाही जमणार."

"परत कधी येणार आहेत?"

"ठरलेलं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला काहीतरी कळलं असावं, पण चुकीचं. मला वाटतं तिनं आमचं भांडण झालंय असं धरलं. आवाज खाली करून ती म्हणाली, "मी पंधरा दिवस वाढवून देते. तोपर्यंत येतील त्या, इन्शाल्ला. तुम्ही फोन करत राहा."

फाइलमध्ये मृत्यूच्या दाखल्याच्या पाच अटेस्टेड प्रती होत्या. एक काढून टेबलावर ठेवली असती तर तिनं तो नंबर माझ्या नावावर करून दिला असता. पण मग तो माझा नंबर झाला असता. मला आहे एक नंबर. मी "शुक्रन" म्हणून उठलो. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाडी सापडेना. मी तीन मजले फिरलो आणि दोघांची प्रत्येकी अकराशे पावलं झाली.

वाढवलेली मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी संपत होती. त्याच शुक्रवारी स्पर्धेचा शेवट होता, अल रुवैसला, देशाच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठानं चालून. आदल्या दिवशी श्यामरावांचा फोन आला.

"प्रतापराव, नियम अकरा. बक्षिसाला दोघं समक्ष लागतात."

"माहीत आहे."

"रिव्हिजन काढायची तर कमिटीची सही लागते. कमिटी म्हणजे मी आणि कुलकर्णी. कुलकर्णी सुट्टीवर आहेत."

"काढू नका रिव्हिजन. मी येतो."

श्यामराव काहीतरी म्हणणार होते. "टोपी आणा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रुवैसला मी उजाडताना पोचलो. बंदरात मासेमारीच्या लाकडी नावा शेजारी शेजारी झोपलेल्या होत्या. ओहोटी होती. तिथला समुद्र मागं जातो म्हणजे अगदीच जातो. किलोमीटरभर ओली, चकचकीत जमीन उघडी पडते आणि तिच्यात आभाळ दिसतं. धुकं त्याच्यावर. माणसं त्यात शिरली की आधी पाय जायचे, मग कंबर, मग टोप्या. 'चालते व्हा'ची साठेक माणसं अशी एकेक करून विरघळली. मी मागं राहिलो. दोन्ही बँड बघितले, दोन्ही चालू होते. उल्काच्या फोनवर अजून दोन दांड्या रेंज होती. मी हळूहळू निघालो, डाव्या हाताला किनारा ठेवून.

तासाभरानं मागून पळणारे पाय ऐकू आले. उशिरा पोचलेली एक मुलगी माझ्या बरोबरीला येऊन चालायला लागली. तोंड लाल झालेलं, केस घामानं चिकटलेले.

"प्रतापकाका ना? मी वल्लरी. काका, उल्काताई कुठायत? पुढं गेल्या का? तीन महिने मी त्यांच्या मागं धावतेय, आज तोंड तरी बघू दे."

तिथं कुणीच नव्हतं. मधुरा नव्हती, अभिजित नव्हता, एचआर नव्हतं. सांगायचं काम दुसऱ्या कुणाकडं गेलंच नाही.

"उल्का वारली," मी म्हणालो. "जूनच्या नऊ तारखेला."

आवाज माझा नेहमीचाच होता. मला वाटलं होतं वेगळा येईल.

वल्लरी थांबली. गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, आधी धापेनं, मग नुसतीच. "मी त्यांना रोज मेसेज करत होते, काका. कसले कसले. नाचणारी बाई वगैरे."

"चांगले असायचे. मी वाचायचो."

"मग ती पावलं?"

मी दोन्ही मनगटं पुढं केली. तिनं जांभळा पट्टा पाहिला, माझं तोंड पाहिलं.

"आणि पहाटेचे तीन हजार?"

"थोडे गल्लीतले. बाकी कणीक."

ती हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "सॉरी."

"हसा. मलाही आलं होतं हसू."

पुढं पाण्याच्या टेबलापाशी श्यामराव उभे होते, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून यादीवर खजुराचा डबा ठेवून. मी म्हटलं, "श्यामराव, आमची जोडी काढा."

"कारण?" सवयीनं निघून गेलं त्यांच्या तोंडून.

"उल्का वारली."

श्यामरावांना हे जूनपासून माहीत होतं. उल्काला घरी नेताना विमानतळाच्या कार्गोच्या दारात ते माझ्या शेजारी दोन तास उभे होते. तरी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि आत्ता कळल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी पेन उघडलं आणि आमच्या नावांवर रेघ मारली. लिहिता लिहिता विचारलं, "आजची पावलं धरायची का दोघांची?"

"नियम काय म्हणतो?"

"नियम गप्प आहे."

"मग आज धरा."

"आज धरतो," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही एकटे. एकट्याची वेगळी यादी आहे आपल्याकडं. चांगली मोठी आहे." आणि माझ्या हातात दोन खजूर ठेवले.

बाकीची मंडळी तिथूनच परत वळत होती. वल्लरी वळली नाही. पाण्याची बाटली हातात घेऊन माझ्याबरोबर थोडी पुढं आली.

"उल्काताई कशा चालायच्या हो?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"चालायचीच नाही," मी म्हणालो. "तिला अजिबात आवडायचं नाही. मागच्या वर्षी आम्ही शेवटून तिसरे होतो, ते माझ्यामुळं. नाहीतर शेवटचे आलो असतो. शंभर पावलं चालायची आणि गाडीत जाऊन बसायची. गुडघे ठणठणीत होते, पण बसायची. काच खाली करून, डबा उघडून. मला म्हणायची, तुम्ही जाऊन या, आणि आल्यावर सांगा पुढं काय आहे."

"मग तुम्ही सांगायचात?"

"काही नाही, वाळू आहे, असं म्हणायचो."

आम्ही दोघं थोडा वेळ त्या चकचकीत जमिनीकडं बघत उभे राहिलो. एक बगळा एका पायावर होता, त्याच्याखाली उलटा दुसरा.

"मला वळायला हवं, मिहीर वाट बघत असेल," ती म्हणाली. "तुम्ही जा पुढं. आणि आलात की मला सांगा काय होतं ते. वाळू म्हणायचं नाही."

मी एकटा पुढं गेलो. अडीच तासांनी परत आलो तेव्हा धुकं विरलं होतं, फोटो झाले होते, बक्षीस वल्लरी आणि मिहीरच्या मांडीवर होतं आणि ती दोघं बंदराच्या भिंतीवर पाय सोडून सँडविच खात होती. उल्काच्या फोनची रेंज गेली होती. वल्लरीनं सरकून जागा केली.

"हां काका. काय होतं?"

मी बसलो. बूट काढले, वाळू झाडली. आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो. आधी किनारा आत वळतो, तिथं शंखांचा एक थर आहे, पायाखाली पापड मोडल्यासारखा वाजतो. मग एक ओसाड गाव लागतं, कोळ्यांचं, घरांना छप्पर नाही पण दारांच्या चौकटी उभ्या आहेत, आणि माणूस नसला तरी आपण दारातूनच आत जातो, भिंत पडलेली असली तरी. एका घरात चुलीची जागा अजून काळी आहे. एका अंगणात बोर आहे. तिच्याखाली एक मांजर होतं, ते तिथं कुठून आलं, काय खातं, कुणास ठाऊक. मी बरंच बघितलं होतं. मिहीर उठून तिघांना चहा घेऊन आला, तोवर मी अजून पहिल्या वळणापाशीच होतो.